कादंबरी की ‘खरं’ पुस्तक? गडहिंग्लजच्या पुस्तक भिशीला उत्तर

ताई, नमस्कार.

आम्ही गडहिंग्लजच्या बाराजणी मिळून पुस्तक भिशी चालवतो. दर महिन्याला प्रत्येकीचे ३०० रुपये. जिची चिठ्ठी निघेल तिनं त्या ३,६०० रुपयांची पुस्तकं आणायची, ती सगळ्यांत फिरवायची आणि वर्ष संपलं की ती पुस्तकं तिच्या घरी राहायची. पहिलं वर्ष मजेत गेलं. आता मात्र दोन तट पडलेत. निम्म्याजणी कादंबऱ्या आणतात. बाकीच्या म्हणतात, “एवढे पैसे घालून गोष्टीच काय वाचायच्या? पदरात काही पडेल असं आणा.” पण त्या जी पुस्तकं आणतात, यशस्वी कसं व्हावं, मन कसं शांत ठेवावं, अमक्या उद्योगपतीनं काय केलं, ती दोन घरं फिरतात आणि तिसऱ्या घरात अडकतात. कादंबऱ्यांना मात्र नंबर लावावे लागतात.

मागच्या बैठकीत आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “कादंबरी म्हणजे शेवटी सगळं खोटंच की.” त्यावर एक मैत्रीण एकदम बोलली, “खरं मी घरात दिवसभर बघते. वाचायला तरी मला दुसरं काही द्या.” तिच्या मालकांचं डायलिसिस चालू आहे. कुणीतरी तिला आजारावर मात केलेल्या माणसाचं आत्मकथन चांगल्या मनानं दिलं होतं. तिनं ते न उघडता परत केलं. त्या दिवसापासून ती बैठकीला आलेली नाही.

आता असं ठरवायचं चाललंय की वर्षातले सहा महिने कथा-कादंबरी आणि सहा महिने बाकीचं. पुढची चिठ्ठी माझी निघाली आहे. मला दोन्ही प्रकार आवडतात, पण का ते सांगता येत नाही, म्हणून बैठकीत मी गप्प बसते. नियम करावा का? आणि वाचणाऱ्याला या दोन्हींत नेमकं काय मिळतं?

– एक वाचक, गडहिंग्लज

•

नमस्कार ताई,

नियमाचं नंतर बघू. आधी त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन या, आणि जाताना पुस्तक नेऊ नका. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोनदा-तीनदा दवाखाना, दर खेपेला चारेक तास, वर जाण्यायेण्याचा वेळ. सोबतच्या माणसाचा त्यातला बराचसा वेळ बाकावर बसून जातो. तिथं बसलेल्या बाईला काय वाचावंसं वाटेल याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही. काहींना त्याच आजाराबद्दल मिळेल ते सगळं वाचायचं असतं: पाणी किती चालतं, कुठली फळं चालत नाहीत, दुसऱ्या घरानं हे कसं निभावलं. त्यातून त्यांना धीर येतो. काहींना त्या बाकावरून उठून कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या काळात, दुसऱ्याच कुणाच्या तरी संसारात जाऊन यायचं असतं. तुमच्या मैत्रिणीनं स्वतःला काय हवंय ते स्वच्छ सांगितलं. त्याला कुणी पळवाट म्हणत असेल तर बैठकीत तुम्हीच तोंड उघडा. ज्यांनी ते आत्मकथन दिलं त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हेही तिला सांगा. पण जो माणूस भोगतोय त्याला त्याच भोगाचं पुस्तक द्यायचं तर आधी विचारावं, एवढं मात्र भिशीतल्या सगळ्यांनी पक्कं लक्षात ठेवायला हवं.

आता शिक्षिकाबाईंचं म्हणणं. ते उडवून लावण्यासारखं नाही. आयुष्यभर मुलांना खरं-खोटं शिकवलेल्या बाईंनी विचारलंय, जे घडलंच नाही ते वाचून मिळतं काय? तुम्ही याचं उत्तर वादानं देऊ नका. त्यांची पहिली नेमणूक कुठल्या गावी होती ते विचारा आणि ‘बनगरवाडी’ हातात द्या. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर एक कोवळा मास्तर नेमला जातो. शाळा आहे पण पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागं. गाव त्याला आधी जोखतं आणि मग हळूहळू आपलं मानतं. तो तालीम बांधायचं मनावर घेतो, लोक अंगमेहनतीनं ती उभी करतात, तिच्यासाठी संस्थानचे राजे वाडीवर येतात. आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते.

यातून धनगर समाजाविषयी थोडीफार माहिती मिळते, पण माहितीसाठी ही कादंबरी कुणी वाचत नाही. परक्या गावात एकट्यानं काढलेली पहिली रात्र, अख्खं गाव आपल्यावर विसंबलंय हे कळल्यावर येणारं दडपण, ज्यांच्यासाठी राबलो तीच माणसं पोटामागं निघून जाताना बघणं, हे सगळं तुम्ही त्या मास्तरच्या आत बसून भोगता. बाईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षात यातलं काहीतरी नक्की भोगलेलं असणार. त्यांना ते पुस्तकात सापडलं की खोटं हा शब्द त्यांच्या तोंडून तितक्या सहज येणार नाही. नाव-गाव रचलेलं असतं, पण त्या मास्तरच्या मनात जे चालतं ते रचलेलं वाटलं तर कादंबरी फसली असंच आपण म्हणतो. म्हणजे कादंबरीकडूनही आपण खरंच मागत असतो, फक्त ते वेगळ्या जागेचं.

कादंबरीची मोठी ताकद अशी की तिला शेवटपर्यंत जाता येतं. एखादं माणूस दार लावून घेतं तेव्हा आपल्या खऱ्या आयुष्यात आपल्याला दाराबाहेर थांबावं लागतं. कादंबरीकार आत जातो. सुनेच्या मनात त्या क्षणी काय आलं, सासूनं काय गिळलं, हे दोन्ही तो एकाच पानावर सांगू शकतो. तुमच्या भिशीत कादंबऱ्यांना नंबर लागतात याचं कारण मला तरी हेच दिसतं. बायकांना दुसऱ्याच्या मनात जायला मिळतं, आणि तिथं जायची परवानगी एरवी कुणी देत नाही.

खऱ्या घटनांच्या पुस्तकाचा आनंद याच्या अगदी उलट्या बाजूनं येतो. तिथं लिहिणाऱ्याला मर्यादा असते. त्यानं पाहिलं तेवढंच, त्याला कळलं तेवढंच. पण त्या मर्यादेच्या आत तो जे सांगतो त्याला एक वजन असतं: हा माणूस तिथं होता.

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ तुमच्यापैकी कुणी वाचलं नसेल तर या चिठ्ठीत तेच आणा. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कळलं म्हणून दक्षिणेच्या आशेनं १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा दिला तेव्हा ते झाशीत होते. शहर पडलं तेव्हाही तिथंच होते. राणीला त्यांनी पाहिलं होतं. आता बघा, हा माणूस ना सैनिक, ना इतिहासकार. त्याला घरी काही पैसे न्यायचे आहेत आणि आईवडिलांना गंगेच्या पाण्यानं स्नान घालायचंय. कापाकापीच्या वर्णनाशेजारी दक्षिणा किती मिळाली, खायला काय मिळालं, कुठं लुटलं गेलो, हेही येतं. कुठलाही कादंबरीकार झाशीच्या वेढ्यात दक्षिणेचा हिशेब ठेवणारा नायक रचायला धजला नसता. खऱ्याची ही गंमत आहे. ते आपल्या अपेक्षेप्रमाणे वागत नाही.

तरी ‘खरं’ म्हणजे जसंच्या तसं असंही धरून चालू नका. भटजींनी हे लिहिलं १८८३ साली, म्हणजे घटनेला पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर, आठवणीतून. छापलं गेलं त्यांच्या हयातीनंतर, १९०७ साली, तेही चिंतामणराव वैद्यांनी त्यात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताप्रमाणे ते वाचायला मिळण्यासाठी १९६६ साल उजाडावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी ती आवृत्ती काढली. बाईंना हे जरूर सांगा. खऱ्या पुस्तकातही आठवण, भीती आणि संपादकाची कात्री असते. त्यानं पुस्तक खोटं ठरत नाही. वाचणारा मात्र सावध होतो, आणि सावध होऊन वाचण्यातही एक मजा आहे. इथं भटजींनी स्वतः पाहिलं, इथं ऐकीव सांगताहेत, इथं वर्षांनंतर थोडं गुळगुळीत झालंय, हे ओळखत वाचत जायचं.

याच धाग्यात एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं आपल्याकडे मोठं वेड आहे, आणि ते असायला माझी काहीच हरकत नाही. ‘स्वामी’ (१९६२) वाचून माधवराव पेशव्यांवर जीव जडला नाही असा वाचक कमी. पण माधवराव आणि रमाबाई यांच्यात बंद दाराआड जे बोलणं होतं ते रणजित देसाईंनी लिहिलेलं आहे. दोघांमध्ये तिथं कुणी कारकून बसलेला नव्हता. कादंबरीतलं वाक्य इतिहास म्हणून भाषणात येतं, व्हॉट्सॲपवर फिरतं, आणि मग त्यावरून माणसं हातघाईवर येतात. हे टाळायचा एकच उपाय मला माहीत आहे: ऐतिहासिक कादंबरी वाचली की त्याच काळातलं एक पत्र, एक बखर, एखादं साधार चरित्रही वाचावं. कादंबरीवरचं प्रेम त्यानं कमी होत नाही. लेखकानं कुठून उडी घेतली ते दिसतं आणि त्या उडीचं कौतुकच वाटतं.

आता तुमच्या अडकलेल्या पुस्तकांकडे येते. तुम्ही लिहिलंय की ‘पदरात पडणारी’ पुस्तकं तिसऱ्या घरात थांबतात. माझ्या मते दोष तुमच्या मैत्रिणींच्या आवडीत नाही. यशाचे नियम सांगणाऱ्या पुस्तकांत माणूसच नसतो. उपदेश असतो, उदाहरणं असतात, पण बोलणारा कोण, कुठल्या गल्लीतला, त्याच्या घरी कोण आजारी होतं, काही कळत नाही. नुसती माहिती हवी असेल तर ती आता फोनवर मिळते. पुस्तक हातातून सुटत नाही ते त्यात कुणीतरी आपल्याशी बोलत असतं म्हणून. मग ते पुस्तक कादंबरी असो की शेतीवरचं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. पहिला भाग १९३४ साली आला. नव्वद वर्षं होऊन गेली तरी पुस्तक ताजं आहे. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात येणारी वस्तू न वस्तू धुऊन घ्यायची, आणि त्या वेडामागं सत्तावन्नच्या धामधुमीत घरातलं माणूस फासावर गेल्याचा धक्का. पुढे नवरा, नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि या बाईंचं घरदार, जात, समाज सगळं हललं. काही वर्षं वेगळं राहून त्या परत नवऱ्याकडे गेल्या आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. एवढं सगळं सोसूनही त्या हसवतात. ज्या प्रसंगात दुसरी कुणी रडून पान भरलं असतं तिथं त्या स्वतःची फजिती सांगतात आणि पुढच्या ओळीला तुमच्या घशाशी येतं. जिद्द, धैर्य, सहनशीलता हे शब्द त्यांना वापरावे लागत नाहीत. ‘पदरात पडेल असं’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना हे द्या. त्यांना जे हवंय ते त्यांना इथं मिळेल, फक्त कुणी शिकवतंय असं वाटणार नाही.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायचं असेल तर मलपृष्ठ वाचू नका, प्रस्तावनाही नको. पुस्तक मधूनच कुठंतरी उघडा आणि दोन पानं वाचा. त्यात एखादं माणूस, एखादी जागा, एखादी वस्तू डोळ्यांपुढे आली तर घ्या. नुसतेच मोठे मोठे शब्द आले तर ठेवून द्या. कादंबरीलाही हीच कसोटी लावा, कारण वाईट कादंबऱ्याही काही कमी नाहीत, आणि नंबर लागला म्हणून ती चांगली असंही नाही.

दोन्ही का आवडतं ते सांगता येत नाही, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, त्याचा संबंध तुमच्या दिवसाशी आहे. आमच्या वाचनालयात एक एसटी कंडक्टर यायचे. कार्डावर दोन पुस्तकं मिळायची. त्यातलं एक नेहमी जाडजूड कादंबरी आणि दुसरं एखादं लहानसं: व्यक्तिचित्रं, शिकारीच्या हकिगती, प्रवासातले प्रसंग असं. कादंबरी घरी, रात्री. लहान पुस्तक खाकी पिशवीत, मुक्कामी गाडी लागल्यावर किंवा डेपोत वेळ असला की. ते म्हणायचे, गाडीवर कादंबरी वाचली तर तिकिटं फाडताना माझं डोकं त्या बाईकडेच राहतं. तिकडे सुटसुटीतच बरं, मिटलं की मिटलं. वाचकाला काय आवडतं याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या व्याख्यानात ऐकायला मिळालेलं नाही. आवड एकच असते असं नाही. सकाळची वेगळी, प्रवासातली वेगळी, दुखण्यातून उठल्यावरची वेगळी. शिवाय एकानं दुसऱ्याची भूक लागते. लागोपाठ तीन कादंबऱ्या झाल्या की कुणाच्या तरी खऱ्या आठवणी वाचाव्याशा वाटतात. मन हलवून सोडणारं आत्मकथन संपलं की चार दिवस गोष्टीतच राहावंसं वाटतं.

मराठी वाचकाला तर या मिश्रणाची सवय फार जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून तोच सहसा मानला जातो. तेव्हापासून दिवाळी अंक म्हटला की कथा, कविता, लेख, आठवणी, व्यंगचित्रं आणि पुढे राशिभविष्यही एकाच मुखपृष्ठाखाली आलं. अंक घरात येतो तेव्हा काय होतं ते आठवा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचणारं कुणी नसतं. मुलं आधी व्यंगचित्रांकडे, आजी भविष्याकडे, कुणी कथेकडे, कुणी राजकारणावरच्या लेखाकडे. आणि डिसेंबर येईपर्यंत कथेकडे धावलेल्यानंही तो लेख वाचलेला असतो, कारण अंक समोर पडलेला होता आणि चहा गरम होता. कुणी जबरदस्ती केली नाही. सहा महिने हे, सहा महिने ते, असा ठराव केला असता तर तो लेख तसाच राहिला असता.

म्हणून नियम करू नका. कोटा ठरला की बाई पुस्तक निवडत नाही, रकाना भरते. ‘यंदा माझा महिना माहितीपरचा’ म्हणून दुकानात गेलेली बाई पुन्हा तेच आणणार जे तिसऱ्या घरात अडकतं. त्याऐवजी असं करून बघा. जिची चिठ्ठी निघेल तिनं आणायच्या पुस्तकांत निदान एक जोडी असावी. एकाच जमिनीवरची दोन पुस्तकं, एक रचलेलं आणि एक घडलेलं. बाकीच्या पैशांत तिनं मनाला येईल ते आणावं. ३,६०० रुपयांत सात-आठ पुस्तकं बसतात, त्यामुळे कुणाचीच पंचाईत होणार नाही.

अशी एक जोडी सांगते, जिच्यावर मी वाचकांना तासन् तास बोलताना पाहिलंय. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह (१९६३) आणि दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८). बागुलांच्या शीर्षककथेत परगावी नोकरीवर रुजू झालेला तरुण राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. कथा छोटी आहे. पहिल्या पानापासून तुम्हाला माहीत असतं की हे उघडं पडणार, आणि तरी दर ओळीला वाटतं, पडू नये. ही कळ कथेचीच. ‘बलुतं’ आत्मकथन आहे, त्यात नगरकडच्या अकोले तालुक्यातलं गाव आहे, मुंबईतली कावाखाना नावाची वस्ती आहे, नात्यातली माणसं आहेत. पण ते सांगितलंय कसं बघा: दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघं एकच. गावातला, लाज आणि जखमा बाळगणारा एक, आणि शिकून शहरात लेखक झालेला दुसरा. खरं सांगण्यासाठी लेखकाला गोष्टीचं हत्यार हातात घ्यावं लागलं. ही दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली की तुमच्या बैठकीत कथा श्रेष्ठ की सत्य श्रेष्ठ हा प्रश्न निघणारच नाही. बोलणं होईल ते त्या खोलीबद्दल आणि त्या कावाखान्याबद्दल.

बागुल-पवारांची जोडी जड आहे, सरळ सांगते. ती तुमच्या त्या मैत्रिणीच्या हातात आत्ता देऊ नका. ‘बनगरवाडी’ आणि माडगूळकरांचीच ‘माणदेशी माणसं’ (१९४९) ही जोडी त्या मानानं सगळ्यांना चालेल. ‘माणदेशी माणसं’ला कथा म्हणावं की व्यक्तिचित्रं, यावर वाद घालता येतो आणि तुम्ही तो जरूर घाला. मातीही एक आणि लिहिणाराही एकच. चित्रांमध्ये माणूस येतो, दिसतो, आणि नजरेआड होतो. कादंबरीत त्याच मुलखातली माणसं मास्तरबरोबर सबंध पुस्तकभर राहतात. एका बैठकीत दोन्हींतली दोन-दोन पानं मोठ्यानं वाचा. फरक कानाला लगेच कळतो, समजावून सांगावा लागत नाही. ज्यांची वाचायची सवय तुटली आहे त्यांनाही यातून सुरुवात करता येईल, कारण एकेक व्यक्तिचित्र एका बैठकीत संपतं.

तुमच्या घराजवळचाही एक विषय आहे. निपाणी तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या तंबाखू कामगार बायकांवर अनिल अवचटांनी लिहिलेलं आहे. तो मुलूख, ती बोली, तो तंबाखूचा वास तुमच्यातल्या काहींनी लहानपणापासून ओळखला असेल, कुणाची आजी-मावशी त्या कामाला गेलीही असेल. बाहेरून आलेल्या माणसानं ते कसं टिपलं ते वाचा आणि मग त्याला काय दिसलं नाही ते आपसांत बोला. खऱ्या पुस्तकाशी भांडायचा हक्क जिथं त्याची घटना घडली तिथल्या वाचकाला सगळ्यात जास्त असतो. असं भांडण कादंबरीशी होत नाही.

एक अगदी व्यवहाराची सूचना. न आवडलेलं पुस्तक पुरं करायची सक्ती ठेवू नका. पन्नास पानं वाचून पुढच्या घरी द्यावं, आणि आतल्या कोऱ्या पानाला कागद चिकटवून त्यावर आपण कुठल्या पानावर थांबलो ते लिहावं. का थांबलो ते लिहायची गरज नाही. वर्षाअखेर तुम्हाला दिसेल की एखाद्या पुस्तकात आठजणी एकाच प्रकरणाशी थांबल्यात. तो दोष पुस्तकाचा. आणि एखाद्यात एकच थांबली, बाकी सगळ्या शेवटपर्यंत गेल्या. तिला विचारा, ती काय सांगते ते ऐकण्यासारखं असतं.

तर या चिठ्ठीत माझ्या मते तुम्ही ‘माझा प्रवास’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही दोन घडलेल्यांपैकी आणा. दोन्हींत सत्तावन्न साल आहे: एकात समोर, दुसऱ्यात एका घराला त्याची झळ लागून पुढच्या पिढीपर्यंत आलेली. ‘माझा प्रवास’ आणताना मूळ संहितेची आवृत्ती आहे का ते विक्रेत्याला विचारा. त्यांच्या सोबत ‘बनगरवाडी’ आणि ‘माणदेशी माणसं’. ‘बनगरवाडी’ पहिल्यांदा शिक्षिकाबाईंकडे जाऊ द्या. एवढं होऊनही पैसे बरेच उरतील. ते घेऊन मैत्रिणीकडे जा, तिला म्हणा की या वेळची उरलेली पुस्तकं तू सांगशील ती आणायची, आणि ती जे नाव सांगेल ते, कितीही हलकंफुलकं असलं तरी, तोंड वाकडं न करता आणा. बैठकीला यायला तिला जमत नसेल तर महिनाभर बैठक तिच्या सोयीच्या दिवशी, तिच्या घरी ठेवा. डायलिसिसचे वार ठरलेले असतात, ते सोडून.